बाजेला बांधलेली खाट

सांगली, ६ जानेवारी १९७५, सोमवार

ह्यांचं पलटणीतून कार्ड आलं. रजा मंजूर. आले की शालनला आणि मला घेऊन गावी जायचं. आईनं कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि लाडवांसाठी डिंक काढायला उठली.

मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण सगळा दिवस डोक्यात एकच. रात्रीचं काय?

इथं मी अण्णांच्या लोखंडी पलंगावर, आई खाली. शालन रडली की आई उचलून देते, पाजून झालं की परत घेते. गावी कोण? सळ्या-पट्ट्यांचा बूट पायात असला तर मी सगळं करते. धुणं, भाकरी, मशीन. रात्री बूट काढला की उजवा पाय नुसता लोंबतो, भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. एक हात भिंतीला. मग लेकरू घेऊन चालायचं कसं? आणि बूट चढवून पट्टे आवळेपर्यंत ती रडून रडून निळी होते.

पोलिओ झाला तेव्हा मी तीन वर्षांची. पायाचं काही वाटेनासं होऊन किती वर्षं झाली. आता पुन्हा रोज वाटतंय.

८ जाने.

कुशीत घेऊन झोपावं तर तेही जमत नाही. परवा पहाटे जाग आली तर माझा पाय तिच्या दुपट्यावर. तिच्यावर नव्हे, दुपट्यावर. पण मला कळलंच नव्हतं. झोपेत हा पाय कुठं पडतो मला समजत नाही. त्या दिवसापासून झोप अशी नाहीच.

दुपारी मिरजेच्या दवाखान्यातली सिस्टर आठवली. तेव्हा माझ्या पोटाला बाळंतपणाचे टाके, कुशीवर वळणंसुद्धा अवघड. तिनं बाळाची छोटी खाट आणून माझ्या कॉटला भिडवली, मधला कठडा खाली पाडला आणि दोन्हींचे पाय बँडेजच्या पट्टीनं करकचून बांधले. म्हणाली, "आता हात लांब करायचा, बास." पडल्या पडल्या ओढून घ्यायची, पाजायची, परत सरकवायची. तिची जागा वेगळी, माझी वेगळी, आणि तरी श्वास ऐकू येतो.

तशी लाकडाची करून घेता येईल?

अण्णांना सांगितलं. ते शाळेत कारकून, हातात कधी हातोडी धरलेली नाही, पण लगेच कागद घेऊन बसले. "तीन बाजूंना कठडा. चौथी उघडी?" हो. माझ्याकडची. "आणि उंची?" माझ्या अंथरुणाएवढी. कमी नको, जास्त नको.

आई म्हणाली, पाळणा असताना हे काय नवीन? आई, पाळणा उभं राहून हलवायचा असतो. उठून गेली. नंतर चहा करून आणून दिला, साखर जरा जास्त.

११ जाने., शनि.

अण्णा मिरजेला जाऊन आले. तंबोऱ्याच्या पेट्या करणारा एक सुतार त्यांच्या ओळखीचा. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला म्हणे, "आजवर भोपळ्याला जपायच्या पेट्या केल्या, बाळाची एक करू. कोपरे गोल ठेवतो." अण्णांना ते फार आवडलंय. संध्याकाळपासून येईल त्याला सांगतायत.

पण उंची सांगितली ती आमच्या पलंगाची. गावी बाज आहे. तिची उंची मला आठवेना. मांडीच्या किती खाली येते ते उभं राहून आठवून पाहिलं. अंदाजच.

१४ जाने.

संक्रांत. शेजारणी तिळगूळ द्यायला आल्या आणि शालनला बघून गेल्या. नाक ह्यांच्यासारखं, असं सगळ्या म्हणतात. ह्यांना तर इथं कुणी धड पाहिलेलंही नाही.

दुपारी हातमशीनवर छोटी गादी शिवली. शेवरीचा कापूस घालणार होते, मग वाटलं फार मऊ, तोंड रुतेल. जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून पातळ, टणक केली. टाके घालताना हात चालतो तोवर बरं असतं. हात थांबला की पुन्हा तेच.

१८ जाने., शनि.

हे आले. सकाळच्या गाडीनं. दारात होल्डॉल टाकला आणि तसेच उभे. आईनं शालन पुढं केली तर म्हणाले, "आधी हात धुतो." धुऊन आले, पुसले, पुन्हा धुतले. घेतली. कोपर कुठं ठेवायचं कळेना. मी हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा खळखळून.

मिरजेहून आलेली खाट पाहिली. खाली वाकून, हलवून, बसून. "मजबूत है. कोनाचं डोकं?" माझं, म्हटलं.  कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

आईनं पोहे दिले. उद्याचा दिवस इथं, परवा निघायचं.

गाव, २१ जाने.

काल येऊन पोचलो. सांगलीहून कराड एस्.टी., खाट टपावर. कराडला उतरवताना हमालाच्या हातून निसटली, एका पायाला चीर गेली.  तिथून पाटणच्या गाडीनं फाट्यापर्यंत, फाट्यावर थोरले भावजी बैलगाडी घेऊन उभे. त्यांनी शालनकडं एकदा बघितलं आणि सगळा रस्ता बैलांकडं बघत राहिले. मधेच म्हणाले, "गार वारं लागंल. झाका तिला."

आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, भाकरतुकडा ओवाळला. त्यांच्या मागं आक्का, माझी थोरली जाऊ. हात पुढं केले होते ते ओवाळणं संपेपर्यंत तसेच. मग घेतलीच. लग्नाला चौदा वर्षं झाली, आक्काला मूल नाही. तिनं शालनला छातीशी धरलं.

खाट पाहून आत्याबाई: "ह्ये काय? कोंबड्याचं खुराडं?" हे म्हणाले, पोरीची खाट हाय. "पाळण्यात घालायचं सोडून? आन् मोडकी?" गोठ्याकडच्या छपरात ठेवली. पाय नीट केला की बघू, असं हे म्हणाले.

रात्री आत्याबाईंनी ठरवलं. "तुज्या पायानं उठणं व्हायचं न्हाई. पोरगी थोरलीजवळ निजंल. पाजायला आणून दिईल ती." सगळं काळजीनंच. नाही कसं म्हणायचं? शालनला घेऊन आक्का माजघरात गेली. मी इकडच्या खोलीत. मधे एक भिंत.

२३ जाने.

आक्का खरंच जागते. शालन हूं म्हणायच्या आत आणून देते, पाजून होईपर्यंत जवळ बसून राहते, पाठ थोपटते, ढेकर आला की उचलते. दिवसभर ऊसतोडणीची माणसं, त्यांची भाकरी, गुरं, आणि वर हे. तोंडावर कंटाळा नाही. उलट उजळलीय. तिनं वाकळ शिवून ठेवली होती, आम्ही यायच्या आधीच. लाल काठाचे तुकडे मधोमध.

मी आभार मानायचे. मानले. मग खोलीत येऊन उशी आवळून बसले. ती घेऊन गेली की ऐकत राहते. भिंतीला कान. आक्का तिला काहीतरी सांगत असते, शब्द कळत नाहीत.

ह्यांना म्हटलं खाटेचा पाय. "करतो की." उसाच्या मागे आहेत सगळे. खरंच आहेत.

२६ जाने., रवि.

आज कळलं.

चुलीपुढं बसले होते. आत्याबाई भाकरी थापता थापता, जसं मीठ आहे का विचारावं तसं, "विमल, म्या म्हंते, ही पोरगी थोरलीच्या वटीत घाल. घरातली घरात. तू तरणीताटी, पुढं पोरगा हुईल तुला. तिचं कोन हाय?"

  तव्यावरची भाकरी करपली, ती मी उलटली.

मुलगी म्हणून इतकं सहज? मुलगा असता तर बोलल्या असत्या? आणि पाय आहेच पुढं करायला. दिवसभर पायातल्या बुटाचा आवाज मलाच मोठा वाटत होता. टक टक. 

२७ जाने.

ह्यांना विचारलं. "तुम्हांला ठाऊक होतं?"

"आई बोलली व्हती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

 मग सांगायला लागले. आक्का लग्न होऊन आली तेव्हा हे नऊ-दहा वर्षांचे. आत्याबाई त्या साली अंथरुणाला खिळलेल्या. आक्कानं न्हाऊ घातलं, शाळेला धाडलं, भरतीला निघाले तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली. "वैनीला न्हाई कसं म्हनू? तोंड उघडत न्हाई माजं."

"मग मी म्हणते."

तर म्हणाले, "जरा दमानं घे." रजा संपेपर्यंत दम धरायचा, मग हे जाणार आणि मी कुणाशी बोलायचं? रागानं पाठ फिरवून झोपले. झोपले म्हणजे पडले.

२९ जाने.

 लिहायलाच हवं.

पहाटे शालनचा आवाज आला. वाट पाहिली. आक्का येईना. पुन्हा आवाज. हे शेतावर गेलेले. बूट घालायला थांबले नाही. भिंत धरत धरत माजघरात गेले. आक्काचं अंथरूण रिकामं, ती बाहेर पाणी तापवत होती. शालन एकटी वाकळीवर पाय झाडत होती. मी भिंतीला टेकून खाली वाकले आणि तिला उचलली. एका हातानं. जमलं. मला इतकं बरं वाटलं की भिंतीचा हात सोडला.

दोन पावलं. मग पाय गेला.

पडताना तिला वर धरलं एवढं कळलं. माझा खांदा उंबऱ्यावर आपटला. डोळे उघडले तर बाहेरून धावत आलेली आक्का समोर, आणि शालन तिच्या हातात. जमिनीला लागायच्या आधी तिनं घेतली होती. शालन रडत नव्हती. मीच रडत होते.

आक्कानं आधी शालनचं डोकं, हात, पाठ चाचपून बघितली आणि मग माझा खांदा बघितला. हळद लावली.

३० जाने.

आत्याबाईंना आता काही बोलायचंच उरलं नाही. "मी सांगत न्हवते?" एवढंच. आल्यागेल्याला सांगतायत. आज पाजायलाही शालन उशिरा आली माझ्याकडं. छाती दुखून आली होती.

बरोबर आहेत का त्या? खरंच प्रश्न आहे हा. मी पडले. आक्का नसती तर. हे वाक्य पुढं लिहवत नाही.

पण मी पडले कारण चालावं लागलं. ती हाताशी असती तर मी उठलेच नसते.

हेच संध्याकाळी ह्यांना सांगितलं, ह्याच शब्दांत. ऐकून घेतलं. उठले, बाहेर गेले. मला वाटलं नेहमीसारखे पारावर. थोड्या वेळानं छपरातून ठोकण्याचा आवाज.

१ फेब्रु., शनि.

चिरलेल्या पायाला दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारल्यात. आज खाट खोलीत आणली. भिडवली बाजेला. बरोबर चार बोटं उंच. माझा सांगलीतला अंदाज चुकलाच.

"कापतो पाय." थांबा, म्हटलं. मी बाजेवर आडवी झाले. तर बाज खाली गेली. सुंभ सैल, मधे झोळ पडतो. मी निजले की चार बोटांचं वीतभर होतं. शिवाय बाजेची कड आणि खाट ह्यांच्यात फट. ह्यांनी त्या फटीत मूठ घालून पाहिली. मूठ आरपार गेली. आम्ही दोघंही त्या मुठीकडं बघत बसलो.

सुंभ ओढून ताणलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा सैल. आत्याबाई दारातून: "झालं का न्हाई खुराडं?"

वैताग. खांदा ठणकतोय.

२ फेब्रु.

मी सुचवलं, सुंभ नकोच. फळ्या टाका. जुन्या बैलगाडीच्या तळाच्या, साट्याच्या फळ्या पडल्यात मागं. ह्यांनी त्या घासल्या, रंधा मारला, बाजेवर आडव्या ठोकल्या. वर माझी गोधडी. पाठीला टोचतं. टोचू दे. पण झोळ नाही, हलत नाही.

मग मला निजवून माझ्या दंडाखालून जमिनीपर्यंत दोरी धरली, तिथं गाठ मारली, ती दोरी खाटेला लावून चारही पायांवर खुणा केल्या. करवत चालवताना मला बघवेना. एकदा जास्त कापलं की संपलं. नाही झालं. खाट आली ती अगदी सपाट. हात फिरवला तर माझी गोधडी कुठं संपते आणि तिची गादी कुठं सुरू होते, बोटाला कळत नाही.

फट राहिली होती. ह्यांनी होल्डॉलचे कातडी पट्टे सोडले आणि खाटेचे पाय बाजेच्या पायांना आवळले. गुडघा लावून. पुन्हा मूठ घालून पाहिली, नाही गेली. बोट घातलं, बोटही नाही. "एकदम फिट." मग स्वतः बाजेवर बसून खाट ढकलून पाहिली, दोन्ही पायांनी. हलली नाही.

"आता होल्डॉल कशानं बांधाल?"

"सुतळीनं."

आक्का दारात होती. किती वेळ ते माहीत नाही. खाटेकडं बघत होती. मग वळून गेली.

४ फेब्रु., मंगळ.

आज दुपारी मागच्या दारी, उन्हात. आक्का शालनला तेल लावत होती, मी शेजारी बसून लंगोट वाळत टाकत होते. घरात कुणी नाही. आक्का खाली मान घालूनच म्हणाली,

"विमल, एक इचारू? राग धरू नगंस."

विचारा.

"ही मला देतीस?"

किती साधं विचारलं. इतके दिवस आत्याबाईंच्या तोंडून ऐकत होते तेव्हा चीड येत होती. तिच्या तोंडून ऐकलं आणि चीड कुठंच सापडेना. तिचे हात तेलानं चमकत होते, शालन तिच्या मांडीवर सुखात पाय ताणत होती.

"नाही आक्का."

लगेच गेलं तोंडातून. थोडं थांबून, हळू, आणखी काही जोडून म्हणायला हवं होतं का? थांबले असते तर म्हणता आलं असतं का?

ती म्हणाली, "बरं." तेल लावून पुरं केलं. पायाची बोटं एकेक चोळली. अंघोळ घातली, पुसली, टोपडं बांधलं आणि माझ्या मांडीवर दिली. मग भांडी घासायला बसली. पार अंधार पडेपर्यंत घासत होती.

५ फेब्रु.

कालची पहिली रात्र. शालन खाटेत; तोवर आक्काजवळच होती. 

पुष्कळ रडली. भूक नव्हती, ओली नव्हती. आक्काचा वास नव्हता, मला वाटतं. मी थोपटलं, गाणं म्हटलं, छातीशी घेतलं, परत ठेवलं. पुन्हा रडणं. भिंतीपलीकडं आक्का जागी असणार, तिला प्रत्येक हुंदका ऐकू जात असणार. आली नाही. मी बोलावलं नाही. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना.

हे उठून फेऱ्या मारत होते. "न्हेऊ का तिकडं? आजच्या रात?" नको म्हटलं. निर्दयी आहे का मी?

७ फेब्रु., शुक्र.

आक्का माहेरी गेली. म्हसवडला. भावाकडं, नवस फेडायचा आहे सिद्धनाथाचा, असं आत्याबाईंना सांगितलं. कसला नवस कुणाला माहीत नाही. भावजी फाट्यापर्यंत पोचवून आले.

निघताना माझ्या खोलीत आली. शालन झोपलेली. आक्का कठड्याशी उभी राहिली, हात लावला नाही. "उजव्या कुशीवर लौकर निजती ती," म्हणाली. "डाव्या न्हाई."

मला हे माहीत नव्हतं.

"कवा येशील?" हे विचारत होते अंगणात. उत्तर ऐकू आलं नाही.

१० फेब्रु.

उजव्या कुशीवर ठेवली. झोपली.

११ फेब्रु.

आत्याबाई बोलत नाहीत. ऊसतोड चालू, भाकऱ्यांचा ढीग, दोघीच. मी चुलीपाशी, त्या गुरांकडं. "भरल्या घरातनं बाई गेली," असं गोठ्यात गुरांना सांगतात, मला ऐकू जाईल अशा बेतानं. भावजी जेवतात आणि उठतात. कालवण आळणी झालं होतं, कुणी बोललं नाही. मीही नंतर जेवायला बसले तेव्हा कळलं.

रात्री मात्र. हात लांब केला की ती तिथं. डोळे न उघडता ओढून घेते, पिऊन झाली की सरकवते. बूट कोपऱ्यात पडून. फळ्या टोचतात, कुशी बदलते. पण माझा पाय माझ्या जागी आणि ती तिच्या. महिनाभरानं काल मी पहिल्यांदा खरी झोपले, आणि सकाळी उठल्याबरोबर आक्का आठवली. झोप सुखाची लागली म्हणून लाज वाटली.

१५ फेब्रु., शनि.

हे उद्या जाणार. आज होल्डॉल सुतळीनं बांधला, चार ठिकाणी. पट्टे काढा, मी दुसरं काहीतरी बांधते म्हटलं तर रागावलेच. "त्ये सुटायचं न्हाईत. रोज हात लावून बघायचं. ढिलं वाटलं तर दादाला सांग."

म्हटलं, आक्काला पत्र लिहा. 

"काय लिवू?"

मलाही सुचेना.

हे शालनला हातावर घेऊन अंगणभर फिरले. आता कोपर कुठं ठेवायचं ते कळतं त्यांना.

१६ फेब्रु.

गेले.

१९ फेब्रु.

आज एक झालं. दुपारी मी चुलीपाशी, शालन रडायला लागली. हात पिठात. बूट टकटकवत खोलीत पोचते तर थोरले भावजी आधीच तिथं. मला बघून दचकले. कठड्यावरून हात आत घालून तिच्या पोटावर ठेवला होता, आख्खं पोट त्या एका पंज्याखाली. ती गप्प झालेली.

"रडत व्हती," म्हणाले. चोरी पकडल्यासारखे. मग खाली वाकून पट्टे ओढून बघितले, जसं काही त्याच कामाला आले होते. "घट हाईत." दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच बोलले.

"ती काय तुमच्यावर रागावून गेली न्हाई. तिला तिचाच राग आलाय. कशाला मागितली म्हनून."

मी म्हटलं, भावजी, त्यांना घेऊन या.

"म्या? तुमी निरोप द्या. माज्यानं यायची न्हाई."

२० फेब्रु.

काय निरोप देऊ? 'या' म्हटलं तर तिला वाटेल शालन देते. 'देत नाही, पण या' म्हटलं तर भाकऱ्या थापायला बोलावते असं वाटेल. आत्याबाईंना तसंच वाटतंय, हातभार लागावा.

मला ती का हवी आहे? खरं लिहायचं तर मलाही नीट कळत नाही. भीती अजून आहे. ती आली आणि शालन तिच्याकडं बघून खुलली तर? खुलेलच. तिनं जमिनीला लागू दिलं नाही तिला.

संध्याकाळी एस्.टी.नं म्हसवडला जाणाऱ्या एका मेंढपाळाजवळ सांगितलं: शालनला सर्दी झालीय, कुठलं पान कुटून द्यायचं विचारलंय. सर्दी खरीच आहे. थोडी.

२३ फेब्रु., रवि.

आक्का आली. निरोप मिळाल्याबरोबर. दोन गाड्या बदलून, फाट्यावरून चालत, ओच्यात पानं बांधून. आल्या आल्या पाय धुतले आणि थेट खोलीत. शालननं बघितलं, जरा वेळ नुसतं बघितलं, आणि तोंड उघडून हसली. दात नसलेलं, सगळ्या हिरड्यांचं. माझ्याकडं बघून ती अजून अशी हसलेली नाही.

आक्कानं उचलली नाही. माझ्याकडं बघितलं.

"घ्या की," म्हटलं.

आत्याबाई दारातून: "आलीस? बरं झालं. आता पोरगी तुज्याजवळच..." वाक्य पुरं करू दिलं नाही मी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं तोडलं. "शालन हितंच निजेल, आत्याबाई. माझ्याजवळ." आवाज मोठा झाला. आक्का पानं निवडत होती, तिनं मान वर केली नाही. आत्याबाई पुटपुटत गेल्या. "पुढचं पुढं बघू," हे स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे पुढचं मूल. म्हणजे ती गोष्ट संपलेली नाही त्यांच्या मनात. आक्काच्या मनात? माझ्या?

रस काढून पाजला. रात्री जेवणं झाली. आक्का वाकळ घेऊन दारात.

"हितं खाली टाकू का? पल्याडच्या अंगाला. सर्दी हाय तवर."

पलीकडचं अंग म्हणजे कठड्याचं. मी अंथरुणावर बसले होते, बूट काढून झालेला. मी पडले ती पहाट सोडली तर तिनं कधी माझा उघडा पाय बघितला नव्हता. बघितला. मी झाकला नाही.

"उघडी बाजू माझ्याकडंच राहील, आक्का."

"व्हय. ती तशीच ऱ्हाऊ दे."

तिनं खाली वाकळ पसरली, आडवी झाली. जरा वेळानं म्हणाली, "विमल, मला तिचा श्वास हितनं ऐकू येतोय." नाक चोंदलं होतं ना, मोठा येत होता. मीही ऐकत होते.

२४ फेब्रु.

सर्दी जरा कमी. आक्कानं सकाळी वाकळ गुंडाळून खाटेखाली सारली. माजघरात नेली नाही. मी बघितलं, तिनं मला बघताना बघितलं.

सर्दी गेल्यावर काय म्हणायचं, मला अजून सुचलेलं नाही.